कॅनबेरा–सिडनी मार्गावरील निद्रेची सोय

मानवाच्या प्रगतीचा इतिहास हा मुळात आडवं होण्याच्या सोयींचा इतिहास आहे. आधी गुहेतली जमीन, मग गवत, मग खाट, मग गादी, आणि आता कॅनबेराहून सिडनीला जाणाऱ्या विमानातलं बिझनेस क्लासचं नवं खासगी दालन. यापुढे मानव कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण तो पडल्या पडल्याच जाईल असं दिसतं.

या दालनाला स्वतःचं सरकतं दार आहे. आत पूर्ण सपाट होणारा पलंग, पायाशी पाहुण्यासाठी छोटं आसन, कोट टांगायला कपाट, राखाडी सदरा-पायजमा आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी. प्रवास पन्नास मिनिटांचा. विमान उडताना आणि उतरताना पलंग उभा आणि दार उघडं ठेवण्याचा नियम असल्याने प्रत्यक्ष निद्रेसाठी अकरा मिनिटं उपलब्ध होतात. (पैकी चार पायजमा घालण्यात आणि तीन तो काढण्यात जातात.) उरलेल्या वेळात तीन पदार्थांचं जेवण आणि गाढ झोप उरकायची असते. कंपनीच्या पाहणीनुसार शेकडा ब्याण्णव प्रवासी या सोयीवर ‘अत्यंत समाधानी’ आहेत. बाकीच्या आठांना पायजम्यातून वेळेत बाहेर पडता न आल्याने त्यांचं मत नोंदवता आलं नाही.

हे विमान खरं तर सातासमुद्रापार जायला बनवलेलं. दोन लांबच्या फेऱ्यांमध्ये ते नुसतं उभं राहू नये म्हणून त्याला मधल्या वेळात कॅनबेराची खेप देतात.

आमचा डेस टकवेल हा विमानतळावर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचा सरचिटणीस, आणि मी त्याचा सहचिटणीस. एकतीस वर्षं डेसने लोकांच्या बॅगा विमानाच्या पोटात भरल्या आणि त्यात एक गुडघा घालवला. टॅक्सीत तो कधीही मागे बसला नाही. मागे बसणं म्हणजे ड्रायव्हरला नोकर समजणं, आणि आमच्यात कोणी तसं समजलं तर त्याची धडगत नसते. डेस याबाबतीत इतका कडक, की एकदा पुढच्या सीटवर ड्रायव्हरचा कुत्रा बसला होता तर याने टॅक्सीच सोडून दिली. (जाताना कुत्र्याला ‘तसदीबद्दल माफ कर’ म्हणाला.)

त्या दिवशी दुपारी सिडनीत संघटनेची निवडणूक होती. डेसच्या विरुद्ध शरीन व्लाहोस उभी होती आणि तिचा मुद्दा एकच होता, की डेस आता आपल्यातला राहिलेला नाही. आदल्या दिवशी संसदेच्या समितीपुढे जड बॅगांविषयी साक्ष द्यायला आम्ही वीस जण कॅनबेराला गेलो होतो. परतीच्या वेळी विमान कंपनीने डेसला हे नवं दालन फुकट देऊ केलं. (साक्षीत तो कंपनीविषयी सौम्य बोलला, याचा याच्याशी काही संबंध नाही. कंपनीने तसं आपण होऊन कळवलं आहे.)

डेस ठामपणे नाही म्हणाला. मग थोड्या वेळाने, त्याला दार असतं का, असं त्याने विचारलं.

बाकीच्यांना त्याने सांगितलं, की संघटनेला उगाच भुर्दंड नको, मी आपला बसने येतो. मला मात्र बाजूला घेतलं. “एकतीस वर्षं त्या विमानांच्या पोटाखाली उभा राहिलोय, गड्या,” तो म्हणाला. “वर काय असतं ते एकदा बघू दे.” मला त्याची दया आली. कोणी पाहिलं असतं तर त्याचं सरचिटणीसपद गेलं असतं, आणि तसल्या गुडघ्यानिशी पुन्हा बॅगा उचलायला जावं लागलं असतं. हे त्यालाही माहीत होतं.

बेत बिनचूक होता. सगळे बसल्यावर चढायचं, पडद्याच्या पुढे राहायचं, पट्टे सोडायची परवानगी मिळाली की दार लावायचं. बेतात फक्त डेसचा स्वभाव धरलेला नव्हता. नोएलीन ब्रोफी नावाच्या हवाई सेविकेने पलंगावर चादर घालायला घेतली, तेव्हा हा पायजम्यात अवघडून उभा. एका बाईने आपलं अंथरूण घालायचं आणि आपण बघत राहायचं? त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. तिने जेवण आणलं तर ट्रे तिच्या हातातून घेतला. तरी जिवाला चैन पडेना, तेव्हा त्याला टॅक्सीचा उपाय आठवला.

“तूही बस गं जरा,” तो म्हणाला. “सकाळपासून उभी असशील. हे काय, पायाशी जागा आहेच.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी बस म्हणण्याची ही पहिलीच वेळ, असं नोएलीनने मला नंतर सांगितलं. ती बसली. तेवढ्यात पडदा सारून आमच्यातला कोणीतरी पुढच्या संडासाकडे आला, म्हणून डेसने झटक्यात दार ओढलं. ते लागलं ते लागलंच.

आत माणूस असलेल्या दालनाचं दार बंद असताना विमान उतरवता येत नाही. त्यामुळे सिडनी डावीकडे दिसलं, मग उजवीकडे दिसलं, मग दिसेनासं झालं. आम्ही समुद्रावर घिरट्या घालू लागलो आणि वैमानिकाने मोकळ्या मनाने खुलासा केला.

“मंडळी, पुढच्या एका दालनाचं दार अडकलंय. आत आपली नोएलीन आणि डेस टकवेल नावाचे एक गृहस्थ आहेत. काळजी नसावी, दोघं चहा पिताहेत.”

आमच्या रांगांमधल्या सगळ्या माना पुढच्या पडद्याकडे वळल्या. मग माझ्या शेजारचा मर्व डाउडल खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बस जरा उंचावरून चाललीय.”

एक तास गेला. कर्मचाऱ्यांनी नियमपुस्तिकेतलं दारांचं प्रकरण दोनदा वाचलं. आम्हाला दुसरं बिस्किट मिळालं. इतर सात दालनांतले प्रवासी या अवधीत खरोखर झोपले. या मार्गावर झोप लागल्याची ही पहिलीच नोंद, आणि पुढे त्यांनी कंपनीला या घिरट्या कायम ठेवाव्यात अशी लेखी विनंती केली.

शेवटी मर्व उठून पुढे गेला. दालनाची भिंत जेमतेम छातीएवढी असते. ती सगळ्यांना दिसत होती, पण दार असलं की माणसं दाराशीच झटापट करत बसतात. मर्वने वरून आत डोकावून पाहिलं.

“दार अडकलंय, डेस,” तो म्हणाला. “भिंतीवरून यायला काय झालं?”

आधी नोएलीनला काढलं. मग आमच्या चौघांनी डेसला अलगद उचलून पलीकडे घेतलं. आमच्या लोकांनी कुठलीही वस्तू न आपटता उतरवल्याचं मी प्रथमच पाहिलं. रिकाम्या दालनाचं दार बंद चालतं, त्यामुळे विमान लगेच उतरलं. डेसचे कपडे आतल्या कपाटातच राहिले.

सभेत तो पायजम्यातच उभा राहिला. गुडघा दुखत होता, म्हणून टेबलाला धरून. “मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “बसने येतो म्हणालो आणि तिथे जाऊन पडलो. पडल्यावर फार बरं वाटलं, तेही सांगतो. पण चुकलो. पुन्हा कधी तिथे बसणार नाही.”

मला वाटलं, आता याची चामडी लोळवतात. मर्वने हात वर केला.

“पलंग खरंच पूर्ण सपाट होतो का?”

डेस म्हणाला, होतो. मग उशी एक की दोन, हे कोणीतरी मागून विचारलं. जेवणात काय होतं, पाय पुरे पसरता येतात का, घोरणं शेजारी ऐकू जातं का, असे बराच वेळ प्रश्न चालले. खोटं का बोललास, हे कोणीही विचारलं नाही. शरीन व्लाहोस ते सगळं निमूट ऐकत होती. तिच्या हातात डेसविरुद्धचं भाषण होतं, ते तिने घडी करून पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिली.

“ज्याला ते मिळालं तो म्हणतो पुन्हा बसणार नाही,” ती म्हणाली. “असा माणूस ते तुम्हाला काय मिळवून देणार? मला निवडून द्या. वर्षातून एकदा प्रत्येकाला दालन.”

ती प्रचंड मताधिक्याने निवडून आली. डेसच्या बाजूने पडलेल्या मतांत एक माझं असावं, अशी माझी समजूत आहे. सोमवारी डेस पुन्हा सामानाच्या पट्ट्याशी उभा राहिला. मर्व त्याच्या वाटच्या जड बॅगा मुकाट्याने स्वतः उचलतो. दालनांची मागणी कंपनीच्या विचाराधीन आहे. पाहणीसाठी शरीन दर महिन्याला त्यातून कॅनबेराला जाऊन येते. पुढच्या खेपेला सहचिटणीसाचीही गरज पडणार आहे. दार दुरुस्त झाल्याची मी खात्री करून घेतली आहे.

हे सगळं वाचून तुम्ही आम्हाला हसला असाल, डेसबद्दल चुकचुकलाही असाल. पण मघापासून एक प्रश्न तुमच्या मनात घोळतोय, आणि तो त्याच्या गुडघ्याविषयीचा नाही. तेव्हा सांगून टाकतो. हो, पायजमा घरी नेता येतो.