बापूकाकांचा कूलर

मे महिन्यात मानवतला आमच्या बापूकाकांकडं गेलात तर बसायला खुर्ची मिळेल, माठातलं गार पाणी मिळेल. कूलरची हवा मात्र मिळणार नाही. कूलर आहे, दिवसभर सुरूही असतो. पण त्याचं तोंड मागच्या अंगणाकडं. गार हवा झाडांना, आणि काका बनियनवर, पुठ्ठ्यानं वारा घेत.

"काका, जरा इकडं फिरवा की."

"तुला काय व्हायलंय? तुझी काय पानं गळायलीत का?"

बापूकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. निवृत्तीनंतर मी त्यांना मोबाइल दिला, आणि त्यावर ते ब्राझीलचं जंगल बघू लागले. त्यामुळं पुढच्या सगळ्या प्रकाराला घरचे मलाच जबाबदार धरतात.

त्या जंगलाला मजले असतात म्हणे. वर उंच झाडं, सगळं ऊन तीच खातात. मध्ये वेली आणि माकडं. तळाला अंधार आणि ओल. झाडं पाणी वर सोडतात, त्याचे ढग होतात, तेच पाणी पुन्हा पाऊस होऊन खाली. काकांनी अंगणात तसंच मांडलं. वर शेवगा, मध्ये केळी, खाली अळू, भोवती ओली पोती. माकडं तेवढी राहिली होती. तीही आली, केळी खाऊन गेली. पाऊस अजून यायचाय.

चहाबरोबर बिस्किट घेतलं की काका पुडा उलटा करून वाचायचे.

"पामतेल! बाळ्या, जंगल खायलास तू."

माझी पन्नाशी आलीय, पण मी घाबरून बिस्किट खाली ठेवायचो. काका सांगायचे, कुठं पामसाठी जंगल जाळतात, तर ब्राझीलमध्ये गुरांच्या कुरणासाठी तोडतात, सोयाबीनसाठी तोडतात. "आधी रस्ता येतो बघ, मागून करवत."

सोयाबीन तर आमच्याही शेतात होतं. म्हणजे ब्राझीलचं जंगल मी तोडलं का? माझा गोंधळ वाढतच गेला. शेवटी एकदा विचारलं, "पण काका, आपल्या शेतात कुठं होतं जंगल?"

काकांनी पुठ्ठा ठेवला आणि ते कूलरमध्ये पाणी ओतायला उठले. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी वादात जिंकलो.

यंदा माझ्या मुलीचं, मनूचं लग्न ठरलं. आमचं देवक कळंबाचं. त्याची डहाळी मांडवाच्या खांबाला बांधून पूजा झाल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. ओढ्याकाठी आमचा एकच कळंब होता. सोयाबीन ओढ्यापर्यंत न्यायचं म्हणून तो गेला. देवकाच्या झाडाला घरच्यांनी कुऱ्हाड लावायची नसते. ती कुणी लावलीही नाही. काकांनी मशीनवाला बोलावला होता.

हळद उद्यावर आली तरी डहाळी मिळेना. एका पाहुण्यानं कळंबाचा फोटो बांधायला सुचवलं. मी त्यालाही तयार झालो होतो. तेवढ्यात काकांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि केळीची पानं बाजूला केली. मागं ड्रममध्ये, बरोबर कूलरच्या झोतात, छातीएवढा कळंब उभा होता.

"लय ओल लागती ह्याला," काका म्हणाले. "उन्हाळा सोसत न्हाई."

"अहो, मग सांगायचं की आधी! नुसतं ब्राझील ब्राझील करत बसलात."

"अन् जगलं नसतं तर? मोठं बी मीच घालवलं अन् बारकं बी, असं पोरीला सांगायचं व्हय?"

डहाळी त्यांनी मला तोडू दिली नाही. स्वतः तोडली, आणि मग तुटल्या जागी ओली माती लावली.

दुसऱ्या दिवशी हळदीला मांडवाचा पत्रा तापला होता. काका स्वतःचा कूलर ढकलत मांडवात घेऊन आले. आता हा खांबावरच्या डहाळीकडं वळणार, मला खात्रीच होती. काकांनी डहाळीकडं पाहिलं. मग घामेजलेल्या मनूकडं पाहिलं.

आणि कूलरचं तोंड तिच्याकडं केलं.