शिट्टी गेली आणि पास्ता बिघडला

सोमवारी दुपारी एर्सिलियाने पातेल्यातला पास्ता चाळणीत ओतला, तेव्हा तो चाळणीतून बाहेर यायला तयार होईना. सगळ्याचा मिळून एक गोळा झाला होता. तिने तो चमच्याने टोचून पाहिला, मग बोटाने दाबून पाहिला, आणि चाळणी ओट्यावर तशीच ठेवून ती खुर्चीत बसली. तिच्या स्वयंपाकघरात असा प्रकार कधी घडला नव्हता.

"बस उशिरा आली," आत येत तिचा नवरा आंपेलिओ म्हणाला. त्याने टोपी खुंटीला अडकवली, हात धुतले आणि टेबलाशी बसला.

"थोडा जास्त शिजलाय," एर्सिलिया म्हणाली. खरं म्हणजे त्या गोळ्याने भिंतीची भेग बुजवता आली असती.

आंपेलिओने सुरीने एक काप काढला, त्यावर तुळस-लसणाची चटणी, म्हणजे पेस्तो, घातला आणि तो खाल्ला. मग दुसरा काप. शेवटी पाव फिरवून ताटली पुसली, "बरं होतं" म्हणाला आणि आडवा झाला.

एर्सिलिया धसकली. तिचा नवरा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता आणि लग्न झाल्यापासून एकही जेवण त्याने कुरकुरीशिवाय गिळलं नव्हतं. मीठ कमी, लसूण जास्त, तुळस डोंगरापलीकडची, तेल भावाच्या बागेतलं नाही. इटलीतल्या आमच्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर कुरकुर हा अवगुण धरत नाहीत, तब्येत ठीक असल्याची ती खूण आहे. जुन्या काळी आमचे खलाशी म्हणे पगार थोडा कमी घेत, पण जहाजावर कुरकुर करायची मुभा आधी कबूल करून घेत. अशा माणसाने लगदा खाऊन "बरं होतं" म्हणावं, म्हणजे काहीतरी मोठं बिनसलेलं असणार.

बिनसलं होतं ते रेल्वेमुळे. आदल्या आठवड्यापर्यंत आमची गाडी समुद्राच्या काठाकाठाने यायची. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला आमच्या खिडक्या, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एकेरी रूळ. गाडी इतकी सावकाश जायची की उतारूंना कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळायचं, आणि कुणी कुणी वासावरून दादही देऊन जायचं. वादळात लाटा थेट डब्यांच्या काचांवर आपटायच्या आणि आतली पोरं खुशीने किंचाळायची. आता नवी लाइन डोंगराच्या पोटातून गेली आहे. गाडी झपाट्याने जाते, आणि उतारूंना सगळा वेळ काचेत आपलंच तोंड बघावं लागतं. नव्या स्टेशनला नाव आमच्या बोर्गोमारेचंच आहे, मारे म्हणजे समुद्र, पण ते वर ऑलिव्हच्या मळ्यांच्याही मागे आहे. तिथून गाव दिसत नाही आणि समुद्र तर नाहीच. खाली गावात यायला बस धरावी लागते. प्रगती झाली हे आम्हाला मान्य आहे, पण मला त्या जुन्या गाडीची अजून आठवण येते आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

तर जुनी गाडी गावाजवळच्या खडकाला वळसा घालायची तेव्हा आंपेलिओ दोन शिट्ट्या द्यायचा, एक लांब आणि एक आखूड. लांब शिट्टी रेल्वेच्या नियमातली होती. आखूड शिट्टी एर्सिलियासाठी होती. ती ऐकली की एर्सिलिया उकळत्या पाण्यात पास्ता टाकायची. आंपेलिओ आमच्या स्टेशनात गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचा, सही करायचा, पायऱ्या चढून घरी यायचा, आणि टोपी खुंटीला लागेपर्यंत पास्ता ताटलीत यायचा, दाताखाली किंचित लागेल असा. पास्त्यासाठी माणसाने थांबावं, पास्त्याने माणसासाठी थांबू नये, हा आमच्याकडचा धर्म आहे.

"एवढंच ना?" शेजारच्या तेकलाने ऐकून घेतलं आणि म्हटलं. "त्याला मोबाइलवरून एक रिंग द्यायला सांग. उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत."

फुकटात होतंय म्हटल्यावर आंपेलिओ लगेच कबूल झाला. पण नवी लाइन म्हणजे बोगद्यामागून बोगदा, आणि बोगद्यात मोबाइलला रेंज नाही. स्टेशनात रेंज होती, पण तिथून पुढे बसचा भरवसा नव्हता. बसचा ड्रायव्हर वाटेत कॉफी प्यायला थांबायचा, आणि कॉफीवाल्याशी त्याचं भांडण असेल त्या दिवशी जास्तच वेळ थांबायचा. मंगळवारी पास्ता लगदा झाला. बुधवारी एर्सिलिया सावध राहिली, तर वाट बघण्यात पाणीच आटून पातेलं करपलं आणि मग घाईत पास्ता कच्चाच राहिला. आंपेलिओने दोन्ही दिवशी मुकाट्याने खाल्लं आणि दोन्ही दिवशी "बरं होतं" म्हणाला.

गुरुवारी एर्सिलिया तेकलाकडे रडली. "तो माझ्याशी भांडत नाही गं. काल मी मुद्दाम मीठ घातलं नाही. तरी गप्प!"

"मीठ नव्हतं तरी?" तेकला हादरली. "डॉक्टरला दाखव."

मग तेकलाने मान खाली घालून स्वतःचंही सांगून टाकलं. तिच्याही घरी चार दिवस लगदाच होता. लग्न होऊन गल्लीत आली तेव्हापासून तीही आंपेलिओच्या आखूड शिट्टीवरच पास्ता टाकत आली होती. दोघी खाली उतरून चौकशी करतात तर सगळ्या गल्लीची तीच कथा. कुणाच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही, पण शिट्टी असताना घड्याळाकडे कोण बघतो? सगळ्या बायका एर्सिलियाच्या शिट्टीवर नवरे जेवू घालत होत्या आणि तिला कुणी कधी त्याबद्दल आभाराचा शब्द बोललं नव्हतं.

"म्हणजे माझी शिट्टी तुम्ही सगळ्या ऐकत होतात?" एर्सिलियाला जरा राग आला, आणि जरा बरंही वाटलं.

गल्लीतल्या बायकांचं शिष्टमंडळ चर्चमध्ये गेलं. तेकलाची योजना साधी होती. तिच्या माळ्याच्या खिडकीतून डोंगरातला वळणाचा रस्ता दिसतो. तिथे निळी बस दिसली की तिने टॉवेल हलवायचा आणि टॉवेल दिसला की चर्चने घंटा द्यायची.

"देवाची घंटा पास्त्यासाठी?" डॉन प्रोस्पेरो म्हणाले. ते आमचे पाद्री. "तुम्हाला काही वाटतं का?"

"तुमच्याकडे कसा होतोय पास्ता, डॉन प्रोस्पेरो?" तेकलाने विचारलं.

पाद्रीबुवांनी घंटाघराकडे नजर टाकली. त्यांची स्वयंपाकीणही शिट्टीवरच चालायची.

"मोठ्या घंटा विजेवर आहेत," शेवटी ते म्हणाले. "त्यांच्या वेळा बांधलेल्या आहेत. हाताने वाजवायची एक छोटी आहे. पण ती कुणी गेलं की वाजवतात."

"मग आनंदाने वाजवा," तेकला म्हणाली. "भराभर वाजवा. कुणी गेलं तर कोण भराभर वाजवेल?"

शुक्रवारी तेकला माळ्यावर बसली. वळणावर निळं काहीतरी चमकलं, तिने टॉवेल हलवला, आणि डॉन प्रोस्पेरोंनी मनापासून आनंदाने घंटा वाजवली. गल्लीत सगळीकडे एकदम पास्ता पाण्यात पडला. बाकीच्या गावात मात्र लोकांनी हातातली कामं टाकली. छोटी घंटा, तीही इतकी भराभर! एकजण गेला असेल तर पाद्री असा पिसाळल्यासारखा कशाला वाजवेल? गाव चर्चच्या चौकात धावलं.

"कोण गेलं?"

"निकोलिनकाका असणार. खोकत होते."

निळी दिसली होती ती बस नव्हतीच. तो सिरिओचा फुलांचा टेम्पो होता. सिरिओने चौकातली गर्दी पाहिली, घंटा ऐकली, निकोलिनकाकांचं नाव ऐकलं, आणि बाजारात न्यायच्या कार्नेशनचं एक मोठं पुष्पचक्र तिथल्या तिथे बांधायला घेतलं. काकांनी त्याला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. त्याच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी येत होतं.

चक्र बांधून होतंय तोच निकोलिनकाका काठी टेकत आले.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

सिरिओने चक्र पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्यापेक्षा मोठं होतं.

"माझं आहे होय?" काकांनी चक्राला गोल फेरी मारली. "फुलं ताजी आहेत. परत नेऊ नकोस, सुकून जातील. घरी आणून दे. मेल्यावर मला कुठे बघायला मिळणार आहे?"

लोक हसायला लागले, आणि नेमक्या त्याच वेळी खालच्या बाजूच्या पायऱ्या चढत आंपेलिओ आला. तो धावत आला होता. टोपी डोक्यावर नव्हती आणि त्याला धाप लागली होती. गर्दीत शिरून तो एकेकाचा चेहरा बघत सुटला. एर्सिलिया दिसली तसा तो जागच्या जागी थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"घंटा ऐकली," तो म्हणाला. "मला वाटलं..." काय वाटलं ते तिला कळलं.

बस अजून आली नव्हती, हेही तिला कळलं.

"बस यायची आहे अजून," ती म्हणाली. "तू खालून कसा आलास? समुद्राकडून?"

आंपेलिओ बुटांकडे बघत राहिला. बुटांत वाळू होती.

"मळ्यातून पायवाट आहे," तो पुटपुटला. "बसपेक्षा लवकर पोचतो. मग बसतो जरा जुन्या स्टेशनावर. बाकावर."

"रोज?"

"रोज."

"आणि करतोस काय तिथे?"

"काही नाही. समुद्र बघतो." आणि मग एकदम तो तिच्याकडे बघून बोलला, "एर्सिलिया, आता मला दिवसभर अंधार दिसतो. गाडी कुणीतरी विहिरीत सोडल्यासारखी. इतकी वर्षं समुद्र रोज बघायला मिळाला आणि वर पगारही मिळाला. आता तो बघायला मला चोरून यावं लागतं. लोक म्हणतील म्हाताऱ्याला वेड लागलं."

एर्सिलियाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि थोडा हलकेपणाही आला. त्याचं मन तिच्यावरून उडालं अशी भीती तिने रात्रंदिवस बाळगली होती, पण त्याचं गप्प राहणं तिच्याबद्दल नव्हतंच. "चल घरी," एवढंच ती म्हणाली. घरी पास्ता अर्थात लगदा झाला होता. त्याने तो खाल्ला आणि म्हणाला, "बरं होतं."

शनिवारी तिने घरी चूल पेटवलीच नाही. गॅसची छोटी शेगडी, मोठं पातेलं आणि पेस्तोची वाटी घेऊन ती जुन्या स्टेशनावर गेली. रूळ उखडले होते, पण फलाट, बाक आणि कण्हेरी तशाच होत्या. आंपेलिओ पायवाटेने उतरून आला तेव्हा पाणी उकळत होतं. तो समोर दिसला की पास्ता टाकायचा, यात चुकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेकलाही आली होती, चाळणी आपण धरू म्हणून. खरं म्हणजे तिला बघायचं होतं.

आंपेलिओ बाकावर उलटा, भिंतीकडे पाठ करून बसला आणि समुद्राकडे बघायला लागला. पास्ता पाण्यात पडला. तिघंही गप्प होते. एर्सिलियाला वाटलं, आता हे असंच राहणार.

तेवढ्यात पाठीवर सामान घेतलेलं एक जर्मन जोडपं फलाटावर आलं. वरच्या स्टेशनात उतरून ते चालत आले होते आणि लालबुंद झाले होते.

"फार सुंदर गाव!" नवरा मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "आणि नवी गाडी, वा! वीस वर्षांपूर्वी आलो होतो, किती हळू यायची. आता डोळे मिटले, उघडले, की पोचलो. ज्याने ही लाइन बांधली तो हुशार माणूस!"

आंपेलिओने मान वळवली. सावकाश उठून उभा राहिला.

"हुशार?" तो म्हणाला. "डोळे मिटायला तुम्ही जर्मनीहून आलात? घरी मिटता येत नव्हते? तो हुशार माणूस स्टेशन डोंगरात बांधून ठेवतो आणि वर समुद्राचं नाव देतो! तुम्ही वाचवलेला सगळा वेळ तो उतार उतरण्यात गेला ना? बघा आरशात, टोमॅटो झालाय तुमचा. आणि ती बस! तो कॉफीवाला! आणि हे बाक, समुद्राकडे तोंड करून लावायचं सोडून भिंतीकडे लावलं कुणी? आणि हा पेस्तो, इथून वास येतोय, लसूण किती घातलाय या बाईने..."

जर्मन माणूस एक पाऊल मागे सरकला. त्याची बायको फोटो काढायला लागली. आंपेलिओ आता रेल्वेमंत्र्यावरून तुळशीवर आणि तुळशीवरून सासुरवाडीवर आला होता.

"अगं एर्सिलिया!" तेकला चाळणी घेऊन ओरडली. "पास्ता! लगदा होतोय!"

एर्सिलिया हातातला चमचा विसरून नवऱ्याकडे बघत होती.

"होऊ दे गं," ती म्हणाली. "बोलतोय तो."