उघडून बघणारा चिंदरकर

चिंदरकरला कुणी नवी वस्तू दाखवली तर तो किंमत विचारायचा नाही, कुठून आणली ते विचारायचा नाही. "छान आहे" म्हणण्याचं सौजन्य तर त्याच्या गावीही नव्हतं. तो वस्तू उलटी करायचा, तिच्या पोटाकडे बघायचा आणि विचारायचा, "उघडता काय?"

उघडत असली तर खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघायचा. नसली तर ती परत हातात कोंबून तो निकाल द्यायचा, "जा उघडूक येना नाय, ता तुमचा न्हय." प्राचार्यांच्या भावानं त्यांना दुबईहून घड्याळ आणलं होतं. ते चिंदरकरनं स्टाफरूममध्ये चहा गार व्हायच्या आत उघडलं आणि परत बंदही केलं. एक बारीकसा स्क्रू मात्र बशीत राहिला. त्यानंतर ते घड्याळ प्राचार्यांच्या मनगटावर शोभेपुरतंच राहिलं. माझा मिक्सर त्यानं दुरुस्त केला, म्हणजे पूर्वी तो चटणी वाटायचा आणि नंतर फक्त आवाज करायला लागला. "आत काय आसा ता तरी आता कळला," हे वर.

मालवणच्या पुढे खाडीकाठी आमचं कॉलेज. चिंदरकर तिथं पदार्थविज्ञान शिकवायचा आणि मी वाचनालय सांभाळायचे. वयानं मी त्याच्यापेक्षा बरीच मोठी, त्यामुळे त्याला अरे-तुरे करायचा आणि फटकारायचा हक्क मी आपण होऊन घेतला होता. बाकीचे प्राध्यापक घरी मालवणी आणि कॉलेजात पुस्तकी मराठी बोलत. हा मात्र प्राचार्यांसमोरही "माका-तुका" सोडायचा नाही. भाषा बदलायचे श्रमही त्याला नको होते, असं माझं मत होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अनुदानातून आमच्या कॉलेजला एक संगणक मिळाला. युनिक्सवर चालणारा. चिंदरकर तरुणपणी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होता, आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडून गावी आला होता आणि ती गेल्यावर घरात एकटाच उरला होता. त्याला युनिक्स येतं म्हटल्यावर यंत्र त्याच्या गळ्यात पडलं. खरं म्हणजे तो यंत्राच्या गळ्यात पडला. उद्घाटनाला आमचा शिपाई तातू यानं नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही मशीन बंद पडा नये, चिंदरकर सरांका बुद्धी दी!" आम्ही सगळे मनापासून ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

देवानं पहिली मागणी ऐकली.

त्या यंत्राला दोन पडदे होते. एक चिंदरकरच्या खोलीत, आणि दुसरा, माझं नशीब, वाचनालयात माझ्या टेबलावर. पुस्तकांचा हिशोब ठेवण्याचा प्रोग्रॅम चिंदरकरनं स्वतः लिहिला होता. यंत्रात त्यानं प्रत्येक प्राध्यापकाला एक एक घर करून दिलं होतं. आपलं काम तिथं ठेवायचं. पण कुणी पासवर्ड मागितला की हा चिडायचा. "आमच्या वाडीत कोण घराक कुलूप घालता? मशिनीक कित्याक?" कॉमर्सच्या सरांनी हट्टानं पासवर्ड घातला आणि स्वतःच विसरले. त्या दिवशी चिंदरकर इतका हसला की वर्गातली मुलं बाहेर आली.

या पडद्यावरून त्या पडद्यावर निरोपही धाडता यायचा. मी सकाळी कुलूप काढून टेबलाशी बसले की पडद्यावर रोमन अक्षरांत ओळ उमटायची: "कोण आसा काय?" आमच्याकडे दुसऱ्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाय ठेवताना अशी हाक मारतात. मी काही उत्तर देत नसे. मधे एक व्हरांडा होता, चार पावलं चालून यायला काय झालं होतं याला? दुपारी पुन्हा, "कोण आसा काय?" मी पडद्यावर फडकं टाकून ठेवायचे.

मुंबईहून येताना त्यानं एक टेप आणली होती. देवघरातल्या टाकासारखी जपायचा. तिच्यात म्हणे परदेशातल्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम होते आणि सुरुवातीलाच बजावलेलं होतं की उघडा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. "थंय मुंबयत आमी एकमेकांचा लिवलेला वाचू. चूक गावली काय व्हरांड्यातसून बोंब मारू," असं तो रंगून सांगायचा. मला त्या संस्थेतल्या शांतताप्रिय माणसांची कीव यायची.

इथं बोंब मारायला कुणी नव्हतं. म्हणून त्यानं आपला प्रोग्रॅम कागदावर छापला, भोकाभोकांच्या लांबलचक पट्ट्या, आणि एकेक गठ्ठा प्रत्येकाच्या टेबलावर आणून ठेवला. "वाचा. चूक गावली तर माका येवन सांगा." तळेऱ्याच्या आणि वैभववाडीच्या शाळांत तर संगणकही नव्हता, तिथल्या मास्तरांनाही यानं गठ्ठे पाठवले. कॉमर्सच्या सरांच्या मुलीनं मागच्या कोऱ्या बाजूवर मोर काढले. मी माझा गठ्ठा कपाटात खाली अंथरला, वाळवीला बरा पडतो. तातूची बायको बाजारात सुके बांगडे आणि सुंगटं, म्हणजे कोलंबी, विकायची. एके दिवशी चिंदरकरनं तिच्याकडून बांगडे घेतले, ते नेमके त्याच्याच प्रोग्रॅमात बांधलेले निघाले. पट्टी हातानं सरळ करत तो स्टाफरूममध्ये आला. आम्हाला वाटलं, आता तातूचं काही खरं नाही.

"तातू, हेचो फुडचो भाग खंय?"

"तेच्यात सुंगटा बांधली, सर."

"वाचलंस काय बांधूच्या आदी?"

तातूनं नाही म्हटल्यावर तो निघून गेला. पट्टी मात्र घेऊन गेला, वासासकट.

मग मुंबईहून एका कंपनीचा माणूस आला. टायवाला. वाचनालयाचा तयार प्रोग्रॅम विकायला. प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना वाचनालयातच चहाला जमवलं. चिंदरकरनं अर्थातच विचारलं, "उघडता काय?"

"आतलं आम्ही कुणाला दाखवत नाही, सर. तुम्ही फक्त वापरायचं."

"म्हणजे फणस विकतास आनि सांगतास, कापू नको, वास घे?"

माणूस ओशाळला, पण प्राचार्यांना त्याचा टाय आवडला असावा. त्याच्यासमोरच त्यांनी मला नव्यानं आलेलं एक पुस्तक मागितलं, तेही यंत्रात शोधून. मी शोधलं. यंत्र म्हणालं, असं पुस्तकच नाही. मी आदल्याच दिवशी स्वतः भरलं होतं! "बाई, नोंदी वेळेवर करत चला," प्राचार्य म्हणाले. परक्या माणसादेखत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग ते चिंदरकरकडे वळले. "यंत्र तुमच्या एकट्याच्या भरवशावर चाललंय. उद्या तुम्ही आडवे पडलात तर कोण बघणार? तुमचा प्रोग्रॅम वाचू शकेल असा दुसरा माणूस दाखवा, नाहीतर दिवाळीनंतर आपण यांचा घेऊ."

चिंदरकरनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. कॉमर्सचे सर चष्मा पुसू लागले. मी चहाबरोबरच्या खाज्याचा तुकडा मोडत होते. एरवी अखंड वटवट करणारा हा माणूस स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून वर्गावर निघून गेला.

त्याच्यासाठी नव्हे, माझ्या अब्रूसाठी मी कपाटातला गठ्ठा बाहेर ओढला. चूक याची आणि बोलणी मी खाऊ? पेन्सिल घेऊन बसले. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, रोज थोडं थोडं. आधी काही म्हणता काही कळेना. पण मधे मधे यंत्राला न दिसणाऱ्या ओळी होत्या, वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या, रोमन अक्षरांत पण अस्सल मालवणीत. "हयसून पुस्तका मोजूची आसत, घाई करू नको." "मशीन बावळट, तिका परत परत सांगूचा लागता." त्या ओळींच्या हाताला धरून मी पुढे सरकत गेले. एका पानावर आले तर लिहिलं होतं: "हयसर पावतर इलंस? बरा झाला. बस जरा."

इथवर आल्याबद्दल कुणी पाट पुढे करावा तसं वाटलं, आणि मी खरंच जरा बसले.

त्याच्या खालीच चूक होती. मोजणी शेवटच्या पुस्तकाच्या अलीकडेच थांबत होती. म्हणून जे सगळ्यात नवं ते यंत्राच्या लेखी जन्मालाच येत नव्हतं, दुसरं एखादं त्याच्या मागून येईपर्यंत. मी गठ्ठा उचलला आणि व्हरांडा ओलांडून त्याच्या खोलीत शिरले.

"चिंदरकर, तुझ्या प्रोग्रॅमात चूक आहे!"

तो उभा राहिला. "खंय?"

"मोजणीत. शेवटचं पुस्तक सुटतं."

तो खुर्ची न बघताच खाली बसला. "बाई, तुमी वाचलास?"

"वाचल्याशिवाय सांगतेय होय?"

"सगळा?"

"सगळं. तुझे बावळट शेरेसुद्धा."

"ती चूक मीच ठेवलेली," तो हळूच म्हणाला. "मुद्दाम. सोपी, कोणाकय गावात अशी. म्हटला, कोणतरी उघडीत, माका येवन सांगीत. आये गेल्यापासून कोण येनाच नाय ओ माझ्याकडे."

"मेल्या! प्राचार्यांसमोर माझी शोभा झाली. तुझा प्रोग्रॅम दिवाळीनंतर उकिरड्यावर जाणार होता, तरी तू ती काढली नाहीस?"

"काढली असती तर तुमी इलास असता काय?"

इतका मूर्ख माणूस मी जन्मात पाहिला नाही. मला त्याचा भयंकर राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. तिथूनच मी प्राचार्यांकडे गेले आणि दुसरा माणूस मी आहे असं सांगून टाकलं. चूक कुठे आहे तेही दाखवलं. ती मुद्दाम ठेवलेली होती एवढं मात्र सांगितलं नाही. टायवाला पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाचं कुलूप काढलं, पडद्यावरचं फडकं काढलं. ओळ येऊन थांबलेली होती: "कोण आसा काय?"

कॉलेजात मी कधी मालवणी बोलत नाही. एकेक अक्षर शोधत टंकलं: "आसंय. काय ता बोल, माका कामा आसत."