दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही

गुंडूरावांनी सकाळीच जाहीर करून टाकलं, "माझ्या दारात स्वतःची गाडी उभी असताना माझी मुलगी टॅक्सीतून घरी येणार? शक्यच नाही!"

गाडी म्हणजे डिझेलचा पिकअप. बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानातून जयनगरच्या मंगल कार्यालयांना पातेली पोचवणारा. आणि मुलगी म्हणजे सुखदा. लग्न होऊन जर्मनीला गेली ती गेलीच. ऑफिसच्या कामाला दिल्लीपर्यंत आली होती, त्यातून एक दिवस काढून घरी येणार होती. सकाळी यायचं, संध्याकाळच्या विमानाने परत. बापाने तेवढ्यावर महिनाभर उड्या मारल्या!

"पण गाडीचा तो पिवळा दिवा?" कृष्णवेणीबाईंनी कढईतून मान न काढता विचारलं.

"त्याचाच तर बेत केलाय! एका दगडात दोन पक्षी!"

तर हा दिवा काय प्रकार आहे ते ऐका. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक फिल्टर असतो. त्यात काजळी साठते. गाडी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने सलग पळाली, की ती काजळी आतल्या आत जळून जाते. पण गुंडूरावांची गाडी पळणार कुठे? बसवनगुडी ते जयनगर, जयनगर ते बसवनगुडी! त्यात सिग्नल दिसला की हे इंजिन बंद करणार. डिझेल काय झाडाला लागतं? काजळी बिचारी पेटायला घ्यायची, की यांनी तिच्यावर पाणी ओतलंच. शेवटी पिवळा दिवा लागला, गाडी रुसली आणि भर बाजारात वीसच्या वर जाईना. एक म्हातारी आजी काठी टेकत बाजूने पुढे निघून गेली, तेव्हा गुंडूरावांनी तोंडाला रुमाल लावला.

सर्व्हिस सेंटरच्या मोहनकुमारने गाडीला लॅपटॉप जोडून नवं सॉफ्टवेअर घातलं आणि दम भरला, "सर, दिवा लुकलुकला की समजा, जळायला लागलं. मग स्वल्पसुद्धा थांबायचं नाही. दिवा विझेपर्यंत पळवायची. या वेळी थांबलात तर फिल्टरच उतरवावा लागेल!"

"सरी, सरी!" गुंडूरावांनी कानडीत होकार भरला. आणि बेत ठरला. विमानतळाकडे जाताना काजळी जाळायची, येताना लेक आणायची.

पण त्या दिवशी लागून आलेल्या सुट्ट्यांचा पहिला दिवस. अख्खं बेंगळूर सहकुटुंब गावाला निघालेलं! हेब्बाळपर्यंत गाडी इंचाइंचाने सरकली. पुढे कुठे रस्ता मोकळा झाला, गाडीने साठ गाठले, आणि नेमका विमानतळ समोर दिसायला लागला तेव्हा दिवा लुकलुकला! इंजिन गुरगुरलं, जळका वास सुटला, मागून पांढरा धूर निघाला.

सुखदा बॅग घेऊन दाराबाहेर उभी होती. किती वाळली होती पोर! गुंडूरावांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला, तोच मोहनकुमार आठवला. त्यांनी खिडकीतून हात हलवला आणि गेले की पुढे!

लगेच फोन वाजला. "अण्णा! अहो, मी इथे उभी आहे!"

"दिसलीस गं! थांबता येत नाहीये! जळतंय!"

"अण्णा, धूर येतोय गाडीतून! उतरा आधी!"

"येऊ दे! पूर्ण जळू दे! एक फेरी मारून आलोच!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. गाडी चालवताना ते बोलत नसत, नियम म्हणजे नियम.

इकडे सुखदाला वाटलं, गाडी पेटलीय आणि बापाचं डोकं फिरलंय! तिने समोरची टॅक्सी धरली, "अण्णांच्या मागे चला!" आणि आईला फोन लावला. कृष्णवेणीबाईंनी तिकडे देव पाण्यात ठेवले.

विमानतळापलीकडच्या देवनहळ्ळीच्या पुढे दिवा विझला. गुंडूराव शीळ घालत विमानतळावर परतले. लेक गायब! फोन केला तर ती देवनहळ्ळीत.

"अण्णा, आहात तिथेच थांबा, मी येते!"

"छे छे, तू थांब, मी निघालोच!"

दोघंही निघाले. दोघंही पोचले. पुन्हा बाप इकडे आणि लेक तिकडे! शेवटी कृष्णवेणीबाई फोनवर कडाडल्या, "सुखदा, तू सरळ घरी ये! त्यांना हिंडू दे!"

गुंडूराव घरी पोचले तेव्हा टॅक्सी केव्हाच परत गेली होती. आत सुखदा जेवून, प्रवासाने मोडून, गाढ झोपलेली.

"उठवू का?" कृष्णवेणीबाईंनी हळूच विचारलं.

"नको. झोपू दे."

ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. केवढं बोलायचं होतं! नव्या घराला ऊन लागतं का, जावई चिडतो का, रात्री आमची आठवण येते का. लेक घोरत राहिली, बाप बघत राहिला, आणि निघायची वेळ झाली.

"सोडायला मीच येणार," गुंडूराव म्हणाले. मनात म्हटलं, दोन तास तर आपल्या हक्काचे! हेब्बाळला अडकलो की निवांत बोलू.

पण सकाळीच अर्धं गाव रिकामं झालेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही! आणि फिल्टर साफ झालेली गाडी वाऱ्यासारखी पळत होती. जन्मभर ज्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या, तो आज कुठे मेला होता?

"तिकडे... थंडी फार का गं?" त्यांनी सुरुवात केली, तोवर तीन सिग्नल मागे पडले.

चौथ्याला त्यांनी गाडी थांबवली.

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. सुखदाने वर बघितलं. "अण्णा, हिरवा आहे."

"असू दे," गुंडूराव म्हणाले. "होईल लाल."