राजघंगाळाची व गळक्या पातेल्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. ती ओल राखो, कीड वारो आणि लिहिणाऱ्याची लेखणी खऱ्याच्या आसपास ठेवो.

शके सतराशे चार, शुभकृत नाम संवत्सरी, भाद्रपद वद्य पंचमीस एका राज्यात, ज्याचे नाव आम्ही भिडेखातर लिहीत नाही, श्रीमंत अरिमर्दनराजे महाराज सकाळचे पोहे सेवन करीत असता वरची कोथिंबीर मलूल दिसली, आणि महाराजांची मर्जी खप्पा जाहली, आणि राजवाड्यावर रोज टोपली घेऊन येणारी, भाजीवर मूठभर कोथिंबीर फुकट घालणारी कोंडाबाई हुजूर आणविली. महाराज बोलिले, "ही शिळी आहे." कोंडाबाई बोलिली, "फुकटातल्याला नावं ठेवायची तर घरी लावा की, महाराज. मूठभर धनं आन् पाटीभर माती, त्याला काय फौज लागती?" ऐसे बोलून टोपली उचलून जी चालती जाहली ती पुन्हा आली नाही. मग महाराजांनी मांडीवर थाप मारून प्रतिज्ञा केली की, घरी पिकलेली कोथिंबीर मिळेपावेतो या राजवाड्यात पोहे शिजणार नाहीत. दरबाराने वाहवा केली. वाहवा करण्यात तो दरबार कधी कमी पडला नाही.

मग मोहीम निघाली. कोठीतून राजमुद्रेचे चांदीचे घंगाळ काढिले, त्यात नदीकाठची काळीभोर माती भरिली, आणि महाराजांनी स्वहस्ते अखंड धने चार बोटे खोल पुरिले, आणि तोफांची सलामी जाहली. पुढे रोज प्रातःकाळी चौऱ्यांशी दरबारी मुजऱ्यास येत आणि निष्ठा दाखविण्याकरिता घंगाळात एकेक तांब्या पाणी घालीत, आणि फडणीस विसोपंत, जे निष्ठेत सर्वांचे पुढे, ते दोन घालीत. आठा दिवसांत धने कुजले, पंधरा दिवसांत डास जाहले, आणि महिन्याने त्यात एक बेडूक येऊन राहिला. विसोपंतांनी तो शुभशकुन ठरविला. राजबागेतला माळी केरोबा हळूच बोलिला की, घंगाळास खाली भोक पाडावे, पाणी निघून जाईल. त्यावर विसोपंत गरजले, "हुजुरांच्या मुद्रेच्या भांड्यास भोक? हा राजद्रोह." केरोबास त्याच दिवशी गावाची वाट दाखविली, आणि मग भोक हा शब्द राजवाड्यात कोणी उच्चारीना.

या प्रतिज्ञेचा खरा घाव बसला तो राजकन्या मैनाबाईसाहेबांस. त्या देशी पोह्यांवाचून मुलगी पाहण्याचा दस्तुर नव्हता. मैनाबाईसाहेबांनी मागील जत्रेत शेजारच्या राज्याचा युवराज हत्तीवरून उतरताना चिखलात पडलेला पाहिला होता, आणि सर्वांच्या आधी तो स्वतःच हसला होता, आणि तेव्हापासून यांचे मन त्याजवर बसले होते. आश्विन वद्य प्रतिपदेस युवराजाच्या मातुःश्री राणी उमाबाईसाहेब यांचे पत्र आले की, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस मुलगी पाहण्यास येतो, त्या दिवशी न जमल्यास दुसरे स्थळ तयार आहे. दिवस उरले पन्नास. पोहे नाहीत तर पाहणे नाही, आणि पाहणे नाही तर लग्न नाही. बाईसाहेब दोन दिवस रडल्या. आम्ही ते लपवीत नाही, कारण रडण्याजोगेच होते.

तिसरे दिवशी त्या मागील दारी गेल्या, तो तेथे भांडी घासणारी गोजराबाई एका गळक्या पितळी पातेल्यातून पुदिना खुडीत होती. बाईसाहेब थक्क होऊन पुसत्या जाहल्या, "गोजरामावशी, हे फुटक्या भांड्यात कसं उगवलं?"

गोजराबाई बोलिली, "ताईसाब, गळतंय म्हणून तर उगवलं. मुळं काय म्हशी हाईत व्हय, पान्यात डुंबायला? हा पुदिना तरी कुठला? चटणीच्या जुडीची दांडकी टाकून देत हुते, ती पान्यात ठिवली, मुळं फुटली, मग लावली."

"कोथिंबीर येईल का? अठ्ठेचाळीस दिवसांत?"

"चाळिसात यील. पर हात मळवावं लागत्यात."

मग बाईसाहेबांनी अंगठ्या काढून हात मळविले. मसाल्याच्या डब्यातले धने फडक्यावर पसरून लाटण्याने हलकेच रगडून एकाचे दोन केले, आणि रात्रभर भिजविले. एका गळक्या पातेल्याचे भोक नारळाच्या शेंडीने झाकिले, म्हणजे पाणी जाते आणि माती राहते. दोन वाटे माती, एक वाटा वाळू आणि एक वाटा फुटक्या माठात कुजविलेल्या भाजीच्या सालींचे खत, ऐसे मिश्रण भरिले, आणि धने अर्धा बोट खोल पेरिले. पाणी तांदूळ धुतल्याचे, तेही बोट खुपसून माती कोरडी लागेल तेव्हाच. बाईसाहेब उतावीळ होऊन दिवसातून तीनदा तांब्या उचलीत, आणि गोजराबाई हातातून काढून घेई आणि म्हणे, "माया कमी करा, ताईसाब." दहावे दिवशी हिरवे टोक दिसले. बाईसाहेब पुन्हा रडल्या, परंतु हे रडणे निराळे.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस पाहुणे आले, आणि पोहे आले, आणि त्यावर हिरवीगार कोथिंबीर आली. महाराज चकित जाहले. विसोपंत तत्काळ उठून बोलिले, "हुजुरांच्या घंगाळाचा प्रताप." बाईसाहेब गप्प राहत्या तर काम सुरळीत होते, परंतु दाराआड उभी असलेली गोजराबाई त्यांस दिसली, आणि त्या बोलिल्या, "आबासाहेब, ही गळक्या पातेल्यातली आहे. गोजरामावशींनी शिकवली, मी लावली. तुमच्या घंगाळात बेडूक आहे."

युवराजास हसू आवरेना. उमाबाईसाहेब उठून घंगाळापाशी गेल्या, खालून हात फिरविला आणि बोलिल्या, "व्याहीबुवा, याला भोक कुठंय?"

महाराज बोलिले, "त्यावर आमची मुद्रा आहे."

"मुद्रा राहू द्या की वर. भोक खाली पाडायचं असतं."

महाराज लाल जाहले, मग ओशाळले, आणि मग गोजराबाईकडून खिळा व दगड मागून स्वहस्ते घाव घातला. अडीच महिन्यांची निष्ठा भळभळा वाहून विसोपंतांच्या नव्या जोड्यांत शिरली. उमाबाईसाहेबांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि त्या देशी दुसऱ्यांदा पोहे मागणे म्हणजेच होकार.

येथवर सर्व गोड जाहले. परंतु हुजुरांनी भोक पाडिले, मग आपण मागे कसे राहावे, ऐसे म्हणून दुसरे दिवशी चौऱ्यांशी दरबाऱ्यांनी घरोघरच्या घागरी, हंडे, ताकाचे डेरे यांस भोके पाडिली, आणि विसोपंतांनी आपल्या तांब्यास पाच. माघात लग्न लागले तेव्हा पाणी वाढण्यास राज्यात एक धड भांडे मिळेना, आणि वऱ्हाड विहिरीवर ओंजळीने पाणी प्याले. कोथिंबीर मात्र उदंड होती.

येणेप्रमाणे हकीकत. सारांश, धने रगडावे, भांडे गळके घ्यावे आणि पाणी बेताने घालावे. निष्ठेविषयीही चार शब्द लिहावयाचे होते, परंतु काल कोणी निष्ठावंत आमच्या दौतीसही भोक पाडून गेला, आणि शाई एवढीच उरली.