आप्पांचा खुणेचा प्रश्न

विद्वांस आप्पांच्या दाराची बेल वाजवली की आतून "कोण आहे?" असा आवाज येतो. आपण भाबडेपणाने नाव सांगतो. मग खरा प्रश्न येतो, "कशावरून?"

गेली अकरा वर्षं मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. माझा आवाज अख्ख्या कसबा पेठेत ऐकू जातो असं आमच्या ह्यांचं मत आहे. तरीसुद्धा परवा हातात गरम पातेलं घेऊन मी त्यांच्या दारात उभी.

"शुभा आहे आप्पा. अळूची भाजी आणलीय."

"कशावरून?"

"अहो, हात भाजतोय माझा!"

"तो कोणाचाही भाजेल. अळूत काय काय घातलंय?"

"मुळा घातलाय, दाणे घातलेत, आणि काजू घातलेले नाहीत, कारण काजूचे भाव तुम्हाला माहीत आहेत!"

कडी निघाली. "या. काजू नाहीत म्हणजे तुम्हीच."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? मी आधी चिडायचे. आता नुसतीच चिडते, भाजी मात्र देते.

आप्पा एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं होते आणि चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची. जुळली तर पुढे, नाही तर "सही जुळत नाही" म्हणून चेक परत. मॅनेजरच्या सासऱ्यांचा चेकसुद्धा त्यांनी परत पाठवला होता. स्वतःच्या लग्नात मालतीकाकूंनी रजिस्टरवर सही केली, तेव्हा ह्यांनी वाकून विचारलं होतं म्हणे, "ही नेहमीचीच ना?" काकू हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

अशा माणसाला फसवायला कोणी फोन करावा? पण करतात बिचारे. मागे एकदा मी दळण ठेवायला गेले तर आप्पा व्हिडिओ कॉलवर होते. पलीकडे खाकी कपड्यातला एक मिशीवाला. त्याने हिंदीत बजावलं की तुम्हाला डिजिटल अरेस्ट झालेली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.

"मी हलत नाहीच," आप्पा म्हणाले. "माझे गुडघे दुखतात. आपण वॉरंट दाखवा."

त्याने कागद धरला. आप्पांनी भिंग काढलं. "जरा वर घ्या. डावीकडे. हां. साहेब, हा शिक्का सरळ बसलाय. सरकारी शिक्का सरळ बसलेला मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. आणि साहेबांची सही नि कारकुनाची सही एकाच हातची आहे. शेवटची शेपटी बघा."

"जेल जाओगे!" मिशीवाला ओरडला.

"जाईन की. पण नीट कागदावर जाईन. हा दुरुस्त करून आणा. वेळ दहा ते दोन."

त्याने फोन आपटला. आप्पा खरंच हिरमुसले. "हल्ली कामात चिकाटी म्हणून राहिली नाही," असं म्हणत त्यांनी भिंग पुसून ठेवलं.

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटायचं. मग एक दिवस आमच्याच इमारतीतल्या साठेवहिनी फसल्या. 'बिल भरलेलं नाही, आज वीज तोडणार' असा मेसेज आला आणि त्यांनी घाबरून खालची निळी ओळ दाबली. मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले पैसे गेले. वहिनी तीन दिवस धड जेवल्या नाहीत. लोक काय, "शिकलेली बाई असून..." म्हणायला मोकळेच. मीही म्हणाले असेन, खोटं कशाला बोलू? आप्पा तेवढे त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "वहिनी, शिकलेल्यालाच फसवतात. न शिकलेला चार जणांना विचारतो, शिकलेल्याला विचारायची लाज वाटते. चूक तुमची नाही, चला, तक्रार लिहू." आणि स्वतः बरोबर चौकीत जाऊन चार तास बसले.

पुढच्या रविवारी इमारतीची सभा झाली. विषय होता पाण्याची टाकी. आप्पांनी टाकी बाजूला सारली.

"प्रत्येक घराने एक खुणेचा प्रश्न ठरवायचा," ते म्हणाले. "उद्या तुमच्या मुलाचा फोन आला, 'बाबा, अपघात झाला, पैसे पाठवा', आवाजही हुबेहूब मुलाचा. हल्ली आवाजाचीसुद्धा खोटी सही करता येते. तर आधी खुणेचा प्रश्न विचारायचा. उत्तर आलं तर पुढे. नाही तर परत."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा घरोघर प्रश्न तपासत हिंडू लागले. आम्ही उत्साहाने सुचवलं, "आमचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं?"

"पत्रिकेत छापलंय. बाद."

"सासूबाईंचं माहेर?"

"अर्ध्या पेठेला माहीत. बाद. उत्तर असं हवं की ते घरातल्या भांड्यांना माहीत असेल, बाहेर कोणाला नाही."

त्यावरून आमच्याकडे दोन दिवस भांडण पेटलं. शेवटी ठरलं, साखरपुड्यात ह्यांनी काय सांडलं? मठ्ठा, माझ्या मावशीच्या शालूवर. आप्पांनी डोळे मिटून विचार केला आणि "पास" म्हणाले. पंचवीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशी मंजूर झाल्यामुळे आमचे हे आठवडाभर घुश्शात होते.

मग सराव सुरू झाले. आप्पा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, दुकानदाराच्या मोबाइलवरून आम्हाला फोन करायचे. घोगरा आवाज काढायचे. "नमस्कार. मी आपला भाचा बोलत आहे. आपल्याला सवड असल्यास मी अडचणीत आहे." जगातला कुठला चोर इतक्या अदबीने बोलतो? आम्ही लगेच ओळखायचो. पण बिचारे एवढ्या कष्टाने घोगरे व्हायचे, की साठेवहिनीसुद्धा हसू दाबून त्यांना खुणेचा प्रश्न विचारायच्या. वहिनी पुन्हा हसायला लागल्या त्या ह्या फोनांमुळेच.

सगळ्या इमारतीत खुणेचा प्रश्न नव्हता तो एकाच घराला. आप्पांच्याच.

आप्पांची एकुलती एक मुलगी मुग्धा. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला वाकडला. पुण्याहून अमेरिका लांब, असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी सहाला कसब्यातून वाकडला निघून दाखवावं. तिचा फोन रविवारी सकाळी यायचा. आप्पा नऊपासून दाढीबिढी करून फोनसमोर बसायचे. "आप्पा, गोळ्या घेतल्या? बाई येते ना? बरं, कॉल आहे, ठेवते." संपलं. दीड मिनिट. पोरगी वाईट नाही हो, दर महिन्याला औषधं, धान्य, सगळं घरपोच पाठवते. पण खुणेचा प्रश्न ठरवू या म्हटल्यावर तिने सांगितलं होतं, "आप्पा, खरंच वेळ नाहीये मला." आप्पांनी ते मला हसत हसत सांगितलं, आणि नंतर बराच वेळ खिडकीतून खाली बघत बसले.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी मंडईतून आप्पांच्या वाटची भाजी आणली होती. दार चक्क उघडं. आप्पांनी न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. मुग्धाच्या नंबरवरून मेसेज होता. 'आप्पा, अर्जंट आहे. खालच्या नंबरवर चाळीस हजार पाठवा. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका.'

"अहो, मग पाठवा की!" मी म्हणाले. सभेत सगळ्यांत पुढे बसून माना डोलावणारी ती मीच. "पोर अडचणीत असेल!"

"मुग्धाच कशावरून?"

"तिचा नंबर आहे, तिचा फोटो आहे!"

"सही कुठे आहे?" आप्पांनी सावकाश टाइप केलं, 'तुझी आई मला काय हाक मारायची?' उत्तर आलं, 'आप्पा प्लीज, घाई आहे.'

"घाई आली की पेन खाली ठेवायचं," आप्पा म्हणाले आणि मोबाइल टेबलावर ठेवला. पण लगेच पुन्हा उचलून तोच मेसेज वाचला. "ताई, चोर असला तर ठीक. पण तीच असली, खरंच अडली असली, आणि बापाने तिला परत पाठवलं असलं तर?"

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. आप्पांनी स्पीकर लावला.

"आप्पा! मी मुग्धा. सिग्नलला रिक्षात होते, हातातून फोन हिसकावला माझ्या. मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय. सिम बंद करायला सांगितलंय, चौकीत बसलोय आम्ही, नंबर यायचाय. माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका हं!"

मी सुटकेचा श्वास सोडला. आप्पा म्हणाले, "कशावरून?"

"आप्पा!"

"तिसरीत तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझी सही कोणी केली?"

पलीकडून हसू. "मी केली. आणि तुम्ही म्हणालात, वेलांटी चुकली आहे, परत कर. दहा वेळा गिरवून घेतलीत माझ्याकडून, आणि मग शिक्षा केलीत."

झालं की! एवढा पुरावा कोर्टातसुद्धा चालला असता. पण आप्पा थांबेनात. मंडईत हरवलीस तेव्हा कुठे सापडलीस? पेरूवाल्या मावशींपाशी, तिखट-मीठ लावून पेरू खात. किती पेरू? दीड. आई मला काय हाक मारायची? रागात असली की 'अहो बँक'. एकेक उत्तराला दोघंही हसत होती. मागून हवालदाराचा आवाज आला, "मॅडम, अजून वडीलच चौकशी करतायत का? आमच्याहून जास्त विचारतायत."

वीस मिनिटं झाली. मेथीची जुडी माझ्या मांडीवर तशीच. मग आप्पांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलीस?"

"आप्पा," मी न राहवून म्हणाले, "ह्याचं उत्तर तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?"

आप्पा माझ्याकडे बघेनात. मग मुग्धा हळू आवाजात म्हणाली, "बिस्किटं खाल्ली, आप्पा. उशीर झाला होता."

"झोप लागते का?"

"नाही लागत नीट."

त्यानंतरचं मी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मेथी निवडत बसले. मेथी कमी आणि डोळेच जास्त पुसले, आता लपवायचं काय त्यात!

आप्पा पाऊण तासाने आत आले. मी विचारलं, "खरं सांगा, ओळखलंत कधी?"

"पहिल्या 'आप्पा'लाच. चौतीस वर्षं काय माशा मारल्या?"

"मग एवढे प्रश्न कशाला?"

"ताई," ते ओट्याकडे बघत म्हणाले, "ओळख पटली की ती फोन ठेवते."

पुढच्या रविवारी मी मुद्दामच साडेनऊला त्यांच्याकडे चहाला गेले. नव्या फोनवरून मुग्धाचा फोन आला.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"अगं, मी आप्पा."

"कशावरून? आता मी विचारणार. माझ्या पहिल्या सायकलचा रंग कोणता?"

ती लाल सायकल आजही आमच्या जिन्याखाली उभी आहे. दर दसऱ्याला आप्पा स्वतः ती पुसतात, झेंडूचा हार घालतात, आणि कोणी हलवू म्हटलं तर अंगावर येतात.

"निळा," आप्पा म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

"चूक!" मुग्धा ओरडली.

"चुकलं होय?" आप्पा खुर्चीत जरा सावरून बसले. "मग दुसरा विचार."