टेंभरेकाकाची किनारवाली कोंबडी

आमच्या कुडवा गावात टेंभरेकाका हा एकच मानूस असा आहे जो रोज सकाळी कोंबडीले उन्हात धरून, चष्मा लावून वाचते. पेपर वाचावा तसा. पंख उघडला का पहिलं पान, शेपूट उघडली का शेवटचं. मी शाळेत खिचडीपुरताच जात होतो, म्हनून मले वाचता येत नाही. मी नुसता बाजूले उभा राहून मान हलवतो.

कोंबड्या बी साध्या नाही. कबुतराएवढ्या, बुटक्या. पांढरंफेक पीस, आन एकेका पिसाले चारी बाजूनं बारीक काळी किनार, लुगड्याले राहते तशी. एका बी पिसाची किनार अर्धवट दिसली का काका त्या कोंबडीले खाली सोडतेत आन म्हणतेत, "किनार तुटली!" मंग तिची अंडी बसवायची नाही.

काका जिंदगीभर राइस मिलमंदी तांदूळ पाहात होते. मुठीतल्या दान्यात एक तुटका असला तरी त्याइले दिसे. काका रिटायर झाले, डोळे नाही झाले. लग्नात वरन पातळ निघालं, किनार तुटली. गल्लीतला रस्ता उखडला, किनार तुटली. एकदा मी नवा शर्ट घालून गेलो. काकानं वरून खालवर पाहिलं.

"काका, माही बी तुटली का?"

"तुले आली कधी होती बे?"

असं सहा वर्षं तुटत-तुटत एक कोंबडी निघाली. शेपटीच्या शेवटच्या पिसापर्यंत किनार साबूत. काका तिले "बाई" म्हनू लागले. जोडीले कोंबडा बी तसाच. पन बाईचं वय झालं होतं. "यंदा अंडी देईन, पुढं नाही," काका म्हणे. "यंदा हिची पिल्लं निघाली का झालं."

मंग काका दोन दिवस पोरीकडे देवरीले गेले आन घराची चाबी माह्याकडे देऊन गेले. एवढ्या मोठ्या कुडव्यात त्याइले मीच भेटलो! "तांदळाची कनकी टाक, पानी ठेव, अंडी उचलून घे. बाईचं दार मोकळं सोडू नको." इतकंच काम. पन मले वाटलं, बिचारी बाई, जरा हवा खाऊ दे. दार मोकळं सोडलं. माहा लाल गावठी कोंबडा आमच्या दोघाइच्या घरामधल्या भिंतीवर बसूनच होता, जशी काही चाबी त्यालेच देली होती. मी चप्पल घेऊन धावलो, शेणात घसरलो, आपटलो. मी उठतपर्यंत लग्न लागून गेलं होतं.

परका कोंबडा एकदा आत गेला का दोन-तीन हप्ते अंड्याचा भरोसा नाही, हे मले काकानंच शिकवलं होतं. म्हनून मी चूप राहिलो. काका परत आले, तं मी रोज त्याइच्या घरी जाऊ लागलो. चहाले नाही, चोरी पकडल्या गेली का पाहाले. आठ-दहा दिवसानं काकानं बाईची सात अंडी उबवाले खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्याइच्याजवळ खुडूक कोंबडी एकच.

घरवाली म्हणे, "जाऊन सांगून टाका."

म्हटलं, "सांगतो. पिल्लं तं निघू दे. असन एखादं चांगलं."

पिल्लं निघाली, पन अंगावर नुसती लव. पिसं फुटाले वेळ लागते. पंक्चरचं दुकान उघडायच्या आधी माही एक चक्कर, बंद केल्यावर एक. "काका, आलं का पीस?" काका म्हणे, "बस. चहा ठेवतो." मी उंबरठ्यावर घामानं ओला, काका आरामात. मिलच्या गोष्टी सांगत. काकी वारल्यावर पहिल्या दिवशी भात कसा जाळला, ते सांगत. माहा कान गोष्टीत, डोळा पिल्लावर.

शेवटी पिसं फुटली. लाल! साती लाल, आन टांगा ह्या एवढ्या लांब. सगळ्यात मोठ्यानं माह्याकडे पाहून मान वाकडी केली, हुबेहूब बापासारखी.

मी हात जोडले. "काका, दार मी उघडलं होतं. माह्या कोंबड्यानं घात केला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"देवरीवरून आलो त्याच दिवशी. खुराड्यात लाल पीस पडून होतं."

"मंग हे अंडी काऊन बसवली? तीन हप्ते थांबले असते तं चोख अंडी भेटली असती. आता तं बाई अंडी द्यायची थांबली!"

काका चष्मा पुसू लागले. "फेकनारच होतो. पन तू रोज येऊन राहिला. पहिले तू साखर मागाले बी भिंतीवरूनच वाटी पुढं करे. म्हटलं, अंडी फेकली तं हा येनं बंद करन."

मी खाली बसून पिल्लाइले कनकी टाकू लागलो.

पिल्लाइकडे पाहात काका म्हणे, "पिसं तं फुटली आता. तुहं काम संपलं."

"संपते कसं? माह्या कोंबड्याची लेकरं तुमच्या घरी आहेत. तुमी माहे व्याही झाले, काका. व्याह्याकडे तं याच लागते."

काका हासले नाही. त्याइच्या बाजूच्या खुर्चीवर कनकीचं पोतं ठेवलेलं होतं. ते उचलून त्याइनं भुईवर ठेवलं, आन गमछ्यानं खुर्ची पुसू लागले.